होकारासाठी थांबलेली यंत्रं

मुंबईत अंधेरीचं सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र १९७३ साली निर्यातीसाठी उभं राहिलं. पुढे पवई, मालाडपर्यंत संगणकावर चालणाऱ्या कचेऱ्या पसरल्या. अशा कचेऱ्यांत आता एक नवा सहकारी रुजू होतो आहे, तो म्हणजे एआय एजंट. चॅटबॉट प्रश्नाला उत्तर देऊन मोकळा होतो. एजंट काम अंगावर घेतो: फायली उघडतो, कोड दुरुस्त करतो, चाचण्या चालवतो, पत्राचा मसुदा लिहितो. मग एखाद्या पायरीवर तो थांबतो आणि पडद्यावर ओळ उमटते, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’.

ज्याच्याकडे असे चार-पाच एजंट असतात, त्याचं निम्मं काम ही यादी चाळण्याचं असतं. काही कामं सुरू, काही पूर्ण, काही फसलेली, आणि काही केवळ त्याच्या एका ‘हो’साठी अडलेली. साहेब जेवायला गेले की एजंटही बसून राहतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत सगळ्याच गोष्टींना परवानगी मागत नाहीत. वाचायला, शोधायला, वेगळ्या प्रतीवर प्रयोग करायला एजंटला मोकळीक असते. पैसे देणं, बाहेर मेल धाडणं, काही पुसून टाकणं, चालू यंत्रणेला हात लावणं, म्हणजे केल्यावर मागे घेता न येणारी कामं, माणसापुढे येतात. त्या वेळी नुसतं ‘परवानगी द्यायची का’ एवढंच विचारून भागत नाही. आतापर्यंत काय केलं, आता नेमकं काय करायचं आहे आणि चुकलं तर परत कसं फिरायचं, हे तिन्ही समोर हवं.

यंत्रानं माणसाच्या होकारासाठी खोळंबणं मुंबईच्या उपनगरांना नवं नाही. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ला धावू लागली. लोकलच्या मोटरमनला गाडी चालवताना ‘डेडमॅन हँडल’ दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतो. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये त्याच्या जोडीला एडब्ल्यूएस ही इशारा देणारी यंत्रणा आहे. पुढे सावध राहायला सांगणारा पिवळा सिग्नल आला की ती आवाज करते. मोटरमननं मोजक्या सेकंदांत बटण दाबून पोच द्यायची. पोच मिळाली नाही, तर यंत्रणा स्वतःच ब्रेक लावते. लाल सिग्नल ओलांडला, तर ती विचारतच नाही, थेट ब्रेक लावते. घाटकोपर-मुलुंडच्या भरगच्च गाडीत उभ्या प्रवाशाला याचा पत्ताही नसतो, पण त्याची सुरक्षितता एका साध्या नियमावर टेकलेली असते: उत्तर नाही, म्हणजे गाडी पुढे नाही.

सगळीकडे हाच नियम नसतो. इमारतीचे नकाशे तपासायला मुंबई महापालिकेनं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर आणलं. चटईक्षेत्र, मोकळी जागा, जिन्याची रुंदी संगणक मोजतो. परवानगी मात्र अधिकारी देतो. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार नियमांत बसणाऱ्या अर्जावर नियोजन प्राधिकरणानं ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. इथे मौन म्हणजे होकार. यात अर्जदाराचं हित आहे, कारण फाइल दाबून ठेवणं हीसुद्धा सत्ताच असते.

रिझर्व्ह बँकेनं मधली वाट काढली. कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला जाते. १५,००० रुपयांपर्यंत ग्राहक गप्प राहिला तर पैसे जातात. त्यापुढे साधारणपणे दर वेळी वेगळी पडताळणी लागते. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा १ लाखाची आहे. रक्कम लहान असेल तर मौन चालतं, मोठी असेल तर चालत नाही.

एजंटला हीच समज लागते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटनं एका अमेरिकी उद्योजकाच्या चालू प्रकल्पाचा डेटाबेस पुसून टाकला. काही बदलू नकोस, असं त्याला बजावलेलं होतं. सूचना शब्दांत होती, ब्रेकमध्ये नव्हती. कंपनीनं नंतर प्रयोगाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा केला.

दुसरा धोका माणसाच्या बाजूनं आहे. परवानगीच्या चौकटीत बहुधा तीन पर्याय असतात: या वेळी हो, नको, आणि ‘यापुढे विचारू नको’. दिवसभरात पन्नासदा ‘हो’ दाबून कंटाळलेला माणूस तिसरा पर्याय निवडतो, किंवा न वाचताच पहिला. मग कागदोपत्री माणूस मध्ये असतो, लक्ष मात्र कुणाचंच नसतं. मोटरमनचं पोच देणंही यांत्रिक सवय होऊ शकतं. फरक इतकाच की चुकून लाल सिग्नल ओलांडला तरी ब्रेक त्याच्या बोटाची वाट पाहत नाही.

त्यामुळे कचेरीत एजंट आणणाऱ्यानं आधी तीन याद्या कराव्यात: न विचारता करायची कामं, विचारून करायची कामं आणि कुणी ‘हो’ म्हटलं तरी न करायची कामं. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक कामापुढे मंजुरी देणाऱ्याचं नाव असावं, आणि त्याच्याकडून उत्तर आलं नाही तर काम थांबलेलंच राहावं. तिसरी यादी सूचनेत लिहून भागणार नाही. ती यंत्रणेतच बसवावी लागेल.