पाणी कुठून येतं, कुठं जातं: लँडस्केप आर्किटेक्चरची दोन वर्षं

घरातल्या मुलीनं बी.आर्क. झाल्यावर लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हटलं, की "बागकाम शिकायला दोन वर्षं?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. कारण प्रवेश घेणाऱ्या अनेकांच्या मनातही हिरवळ, कारंजं आणि कुंड्या असंच चित्र असतं, आणि पहिल्याच सत्रात त्यांची दमछाक होते.

या शाखेला मराठीत भूदृश्यरचना म्हणतात. इमारतीबाहेर जी जमीन उरते तिचा उतार कसा ठेवायचा, पावसाचं पाणी कुठून कुठं न्यायचं, सावली कुठं हवी, माणसं कुठून चालतील, कोणती झाडं तिथं तगतील, हे ठरवणं म्हणजे भूदृश्यरचना. ती जमीन एखाद्या शाळेचं अंगण असेल किंवा नदीचं अख्खं खोरं. बाग हा त्यातला एक भाग झाला.

सुरुवात पात्रतेपासून करू. आपल्याकडे हा अभ्यासक्रम बहुधा एम.आर्क. किंवा मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर या नावानं दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. प्रवेशासाठी सहसा पाच वर्षांची बी.आर्क. पदवी लागते. काही संस्था इतर पदवीधरांनाही घेतात, म्हणून माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान आपण स्वतः वाचावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' हे बिरुद वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं. लँडस्केपसाठी तशी वेगळी नोंदणी त्या कायद्यात नाही. बी.आर्क. नसलेल्या विद्यार्थ्यानं हे प्रवेशाआधीच जाणून घेतलेलं बरं. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो.

शिकायचं कुठं? दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्यात फक्त मुलींसाठी असलेलं भानुबेन नानावटी महाविद्यालय ही काही परिचित नावं. निवड करताना नावाइतकंच दोन गोष्टींकडे पाहा: वनस्पती आणि परिसरशास्त्र कोण शिकवतं, आणि वर्षातून किती दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष जागेवर असतात. शक्य झालं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी तासभर बोला. वर्गात बसून भूदृश्यरचना येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेशपरीक्षा संस्थेप्रमाणे बदलते. अनेक ठिकाणी गेट परीक्षेतल्या आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग या विषयाचे गुण धरतात. पेपर 100 गुणांचा, वेळ तीन तास, त्यातले 15 गुण सामान्य आकलनाचे. निकाल तीन वर्षं ग्राह्य असतो, त्यामुळे बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षी परीक्षा देऊन आधी नोकरी करायची आणि मग प्रवेश घ्यायचा, हेही जमतं. काही संस्था पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांची वही, पाहतात आणि मुलाखत घेतात.

पोर्टफोलिओत बहुतेकांची चूक एकच असते. बी.आर्क.मधल्या इमारतींची चकचकीत चित्रं ओळीनं लावलेली असतात आणि जमीन कुठंच दिसत नाही. आपण त्यात एक तरी जागा अशी दाखवा, जी आपण पायी फिरून पाहिली आहे. गावातल्या ओढ्याचा छेद, बारवेच्या पायऱ्यांचं मोजमाप, देवळाच्या पाराभोवती सकाळी आणि दुपारी कोण बसतं याची नोंद. पेन्सिलनं काढलेलं असलं तरी चालेल. परीक्षकाला आपली नजर पाहायची असते.

आता पहिलं सत्र. इथं खरा पाया घातला जातो, म्हणून जरा थांबू. पहिली ओळख होते समोच्च रेषांशी. समान उंचीवरचे बिंदू जोडून नकाशावर काढलेली रेषा म्हणजे समोच्च रेषा, बोलताना सगळे 'कंटूर'च म्हणतात. रेषा जवळजवळ असल्या की चढ उभा, लांब असल्या की जमीन सपाटीची. रेषांचं टोक चढाच्या दिशेनं वळलं असेल तर तिथून पाणी वाहतं, उताराच्या दिशेनं वळलं असेल तर तो डोंगराचा दांड. पाणी नेहमी या रेषांना काटकोनात उतरतं. एवढं पक्कं झालं की कोऱ्या नकाशावरही पाण्याची वाट बोटानं दाखवता येते.

पुढची पायरी म्हणजे या रेषा बदलणं. मूळ रेषा तुटक काढायच्या, नव्या सलग. इथली नेहमीची चूक अशी, की नव्या रेषा जागेच्या हद्दीवर मूळ रेषांना परत मिळत नाहीत. कागदावर ते लक्षातही येत नाही. प्रत्यक्षात मात्र तिथं एक तर भिंत उभी करावी लागते, नाहीतर आपलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. दुसरी चूक जुन्या झाडांच्या बाबतीत होते. जमीन सपाट करताना खोडाभोवती फूटभर माती चढवली, तर मुळांची हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी वाळतं, आणि तोवर कारण कुणाच्याच लक्षात राहिलेलं नसतं. म्हणून झाडाच्या फांद्यांचा जितका घेर, तितक्या जमिनीची पातळी हलवायची नाही, हा नियम आपण पहिल्या दिवसापासून पाळा.

उताराचं गणित सोपं आहे, पण हातात बसावं लागतं. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पचा उतार 1:12 धरतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. मुलं ही लांबी काढतात आणि मधले विसाव्याचे सपाट टप्पे विसरतात. मग जागा कमी पडते आणि सगळा आराखडा शेवटच्या आठवड्यात हलवावा लागतो.

पाण्याचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर जागेवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5 लाख लिटर. फरसबंदीवरून त्यातलं सुमारे नव्वद टक्के वाहून जातं, झाडीनं झाकलेल्या मुरमाड जमिनीवरून साधारण वीस-तीस टक्के. म्हणजे एकाच जागेवरून साडेचार लाख लिटर बाहेर पडेल की लाख-दीड लाख, हे आपल्या रेखाटनावर ठरतं. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर एकीकडे पंचेचाळीस टँकर आणि दुसरीकडे दहा ते पंधरा. हा फरक एकदा स्वतः मांडून पाहिला की 'बागकाम' हा शब्द आपल्या तोंडी पुन्हा येत नाही.

मातीकडे दुर्लक्ष ही याच टप्प्यावरची तिसरी चूक. दख्खनच्या काळ्या मातीत शोषखड्डा काढला, तर तो पहिल्या पावसातच तुंबतो, कारण ती माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि वरची फरशी उचलते. मुरूम कुठं लागतो, कातळ किती खोल आहे, हे आधी पाहावं लागतं. शेजारच्या विहिरीत डोकावलं तरी अर्धी माहिती मिळते. पाणलोटाची कामं माथ्याकडून पायथ्याकडे करत यावीत, असं आपल्या गावांतले जाणते लोक सांगतात. स्टुडिओत पहिलं सत्र ज्या क्रमानं शिकवतात, तो क्रम हाच आहे.

जागेला भेट किती वेळा द्यायची? थंडीत एकदा जाऊन फोटो काढून आणणं पुरेसं नाही. महाराष्ट्रातली जमीन ऑगस्टमध्ये एक असते आणि मेमध्ये अगदी दुसरी. अभ्यासक्रमाच्या तारखा आपल्या हातात नसतात, पण निदान एक मुसळधार पाऊस आणि एक कडक दुपार त्या जागेवर उभं राहून काढाच. सावली मिळेल असं ज्या कोपऱ्यात कागदावर वाटलं होतं, तिथं मेमध्ये दहा मिनिटं उभं राहवत नाही, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

वनस्पतींचा विषय मला या शिक्षणातला सगळ्यात श्रीमंत भाग वाटतो. सुरुवात नावांपासून होते आणि शास्त्रीय नावं पाठ करावीच लागतात. का, ते 'अशोक' या एका नावावरून समजेल. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेलं उंच, निमुळतं झाड लोक अशोक म्हणून ओळखतात. केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा सीताअशोक हे पूर्णपणे वेगळं झाड. यादीत नुसतं 'अशोक' लिहिलं, तर रोपवाटिकेतून काय येईल सांगता येत नाही.

नावांनंतर सवयी शिकायच्या. काटेसावर आणि पांगारा पानं गाळून मग फुलतात, पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो, बहावा एप्रिल-मेमध्ये. म्हणजे बसायच्या बाकावर उन्हाळ्याच्या तोंडाशी सावली हवी असेल, तर तिथं काटेसावर उपयोगाची नाही, करंज चालेल. गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री अमेरिका खंडातला, हेही माहीत असावं. परकं झाड वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण करंज, उंबर, जांभूळ यांवर जगणारे पक्षी आणि किडे मोजून पाहिले की निवड आपोआप बदलते.

इथली मोठी चूक म्हणजे रोप आज जेवढं आहे तेवढंच वर्तुळ नकाशावर काढणं. वडाचा घेर वीस मीटरच्या पुढं जातो, तो इमारतीपासून चार मीटरवर दाखवू नका. तळघराच्या छतावर मोठं झाड दाखवताना खाली मीटर-दीड मीटर माती आहे का आणि तिचा भार स्लॅब पेलेल का, हे विचारा. आणि हिरवळ पसरण्याआधी मेचा हिशेब करा: चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर धरलं, तरी हजार चौरस मीटरला रोज पाच हजार लिटर. ज्या गावात माणसांना टँकर लागतो, तिथं हे पाणी मागायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न शिक्षक विचारोत न विचारोत, आपण स्वतःला विचारावा.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात पट्टी बदलते. एका भूखंडावरून आपण अख्ख्या खोऱ्यावर येतो. इयान मॅकहार्ग या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या रचनाकारानं 1969 मध्ये 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक लिहिलं. माती, उतार, पूर, झाडी यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवायचे आणि बांधकाम कुठं चालेल, कुठं नाही हे पाहायचं, ही पद्धत त्यामुळे सर्वदूर गेली. आज तेच काम संगणकावर जीआयएस, म्हणजे स्थळाशी जोडलेल्या माहितीच्या नकाशांची प्रणाली, वापरून होतं. क्यूजीआयएस हे त्याचं मोफत सॉफ्टवेअर, ते प्रवेशाआधीच शिकायला घ्या.

या टप्प्यावर दोन ठिकाणी घसरायला होतं. सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घेऊन तो दोन हेक्टरच्या जागेसाठी मोठा करतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर, आणि कंटूर सहसा 20 मीटरच्या अंतरानं असतात. आपल्या जागेतला चढ त्यात दिसणारच नाही, मोजणी करावीच लागेल. दुसरं, नकाशे रंगवून होतात पण प्रश्न ठरलेला नसतो. नदीकाठचं काम असेल तर आधी निळी आणि लाल पूररेषा आखा. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग त्यांच्या आत काय येऊ शकतं, हे विचारा.

चौथं सत्र प्रबंधाचं. विषय फार मोठा घेणं हा इथला जुना रोग. 'अमुक नदीचं पुनरुज्जीवन' असा विषय एका विद्यार्थ्याच्या चार-पाच महिन्यांत मावत नाही. एक ओढा नदीला जिथं मिळतो ते दोनशे मीटर घ्या, आणि ते मोरीच्या पातळीपर्यंत सोडवा. देवराई घेणार असाल, तर गावाची परवानगी आधी मागा. तिथून काडीही उचलायची नाही, असे नियम अनेक गावं पिढ्यानपिढ्या पाळत आली आहेत. ते नियम समजून घेणं हा प्रबंधाचाच भाग आहे, त्याला आठवडे लागतील असं धरून चाला.

अभ्यासदौऱ्यात दिल्लीला गेलात, तर हुमायूनच्या मकबऱ्याजवळची सुंदर नर्सरी दिवसभर देऊन पाहा. तिचा आराखडा मोहम्मद शहीर यांचा. ते दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंगमध्ये शिकवत. त्यांचं निधन 2015 मध्ये झालं आणि उद्यान लोकांना खुलं झालं 2018 मध्ये. तिथल्या झाडांखाली बसल्यावर मला दर वेळी हे आठवतं.

पदवीनंतर सल्लागारांची कार्यालयं, महापालिकांची उद्यानाची कामं, मोठ्या वसाहतींचे प्रकल्प, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था असे रस्ते आहेत. 2003 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्सच्या बैठकांना विद्यार्थी असतानाच जायला लागा, पहिली नोकरी बहुधा अशा ओळखीतूनच मिळते. मुलाखतीत पगाराबरोबर एक गोष्ट जरूर विचारा: लागवड झाल्यावर वर्षभर जागेवर जायला मिळेल का? पहिल्या पावसात पाणी कुठं साचलं आणि पहिल्या उन्हाळ्यात कोणती रोपं गेली, याची वही ठेवायला तिथूनच सुरुवात करा.