मानेतली गाठ आणि दोन सेंटिमीटरची नळी

मान दुखली की आपल्या घरांत आधी उशी बदलते, मग तेलमालिश होते आणि शेवटी कुणीतरी मान मोडून देणाऱ्याचा पत्ता सांगते. बहुतेक दुखणी स्नायूंची असतात, बरीही होतात. पण रात्री आडवे झाल्यावर कळ वाढत असेल, कुर्त्याची बटणे लावताना किंवा सुईत दोरा ओवताना बोटे ऐकत नसतील, चालताना तोल जात असेल, तर मालिश थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवे. क्वचित एमआरआयमध्ये मज्जारज्जूला दाबणारी गाठ दिसते. अशा मानेला झटका देणे म्हणजे धोका ओढवून घेणे.

‘ट्यूमर’ म्हटले की आपण थेट कॅन्सर समजतो. मज्जारज्जूच्या आवरणातून उगवणारा मेनिन्जिओमा आणि नसेच्या आवरणातला श्वानोमा या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात. सावकाश वाढतात, पण दाब देत राहतात.

1887 साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी पाठीच्या मणक्यातली अशी गाठ यशस्वीपणे काढली. पुढे अनेक दशके मानेसाठीही वाट तशीच राहिली: मागून लांब चीर, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवायचे, मणक्यांच्या कमानी काढायच्या. गाठ जायची, तसा आधारही जायचा. डोक्याचे चार-पाच किलो ओझे पेलणाऱ्या सात मणक्यांना हे सोसत नाही. काही रुग्णांची, त्यातही मुलांची, मान नंतर पुढे झुकत जाते.

तुर्कस्तानात जन्मलेले, झ्युरिकमध्ये नावारूपाला आलेले गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच बाजूची थोडीशी कमान कापून गाठ काढण्याचा मार्ग पुढे नेला. आता काही ठिकाणी स्नायूंचे तंतू न कापता बाजूला सारून सुमारे दोन सेंटिमीटरची नळी बसवतात. गाठ आतून पोकळ करत आणतात, मग तिची साल हलकेच सोडवतात. नसांचे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात. खरी कसोटी शेवटी लागते: मज्जारज्जूचे आवरण त्या अरुंद नळीतून पाणी गळणार नाही असे शिवायचे!

म्हणून लहान चीर म्हणजे सोपे ऑपरेशन, ही जाहिरातीची भाषा आपण मनावर घेऊ नये. फार मोठी, दोन्ही बाजूंना पसरलेली किंवा मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला बिलगलेली गाठ असेल, तर मोठी चीरच सुरक्षित ठरू शकते. डॉक्टरांना विचारावे: गाठ कुठे आहे, किती हाड काढणार, मानेला आधार उरेल का, अशी किती ऑपरेशने तुम्ही केलीत? आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडून आधीच कळते. दागिने मोडण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारावी.