करवत, वर्तुळाकार : घरगुती धारकाम

वर्तुळाकार करवतीच्या पात्याची बोथट झालेली धार शाणन करून पूर्ववत करण्याची क्रिया. पूर्वीची पाती अखंड पोलादाची असत व त्यांचे दाते कानशीने घासून धारदार करीत. हल्लीच्या बहुतेक पात्यांत पोलादी चकतीच्या दात्यांवर टंगस्टन कार्बाइडाची टोके झाळून बसविलेली असतात. कोबाल्टाच्या साहाय्याने सांधलेले हे द्रव्य जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात विकसित झाले. क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ (हिऱ्यासारखे) या नावाने विक्रीस आणले. आपल्याकडील कारागीर अशा टोकांना आजही विडियाच म्हणतात. त्यांवर कानस चालत नाही, हिऱ्याचे कण जडविलेले शाणचक्र लागते.

घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रात लहान विद्युत् चलित्र, सु. १०० मिमी. व्यासाचे हिरकचक्र, पाते धरणारी कोनात फिरविता येणारी बैठक आणि पाते पुढे-मागे नेणारी सरक एवढेच भाग असतात. पाते प्रथम करवतीतून काढून स्वच्छ करतात. बोथट वाटणारे पाते पुष्कळदा केवळ राळेने माखलेले असते व धुतल्यावर नीट कापू लागते. टोक निखळलेले किंवा चकतीला तडा गेलेले पाते यंत्रावर चढवू नये.

अशा यंत्रावर दात्याचे फक्त दर्शनी पृष्ठ घासणे इष्ट. माथ्याचे उतार बहुधा एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात व ते अचूक साधणे साध्या बैठकीला जमत नाही. दर्शनी पृष्ठाला शाई लावून चक्र हलकेच टेकवितात. शाई सर्वत्र सारखी निघाली, तर कोन बरोबर जुळला असे समजावे. मग पहिल्या दात्यावर खूण करून प्रत्येक दात्यावर तितक्याच वेळा व तितक्याच दाबाने चक्र फिरवितात. एका वेळी मिमी.चे काही शतांशच घासले जावेत. दर्शनी पृष्ठही एकाआड एक तिरपे असल्यास आधी विषम व नंतर सम क्रमांकाचे दाते घेतात.

खरी अडचण सरकेच्या ढिलेपणाची असते. दात्याचा माथा मागे उतरता असल्याने पुढून जास्त घासलेला दाता उंचीनेही किंचित कमी होतो. त्याच्या वाट्याचे काम मागचा दाता करतो, काप खडबडीत येतो व तो दाता लवकर झिजतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सरक व अडखुंटी घट्ट करणे हे चक्राच्या प्रतीइतकेच महत्त्वाचे ठरते. चक्र पोलादी चकतीला लागू देऊ नये, कारण त्याचे कण पोलादाने बुजतात. शिवाय तापलेल्या पोलादात हिऱ्यातील कार्बन विरघळतो. वारंवार दर्शनी पृष्ठ घासल्याने टोके पातळ होतात. तीन-चार वेळांनंतर पाते व्यावसायिक धारकाऱ्याकडे द्यावे.

शाणनातून उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असते. ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा कायमचा विकार जडू शकतो. ही धूळ स्वयंपाकघरात वा झोपण्याच्या खोलीत उडू देऊ नये, नाकातोंडावर सूक्ष्मकण अडविणारी जाळी व डोळ्यांवर चष्मा असावा आणि जागा झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.