काळ्या लाकडाचे मध्ययुग

हैदराबादच्या दिलसुखनगरहून मेट्रोने निघाले की चौथे स्थानक महात्मा गांधी बस स्थानकाचे. तिथून जवळच, मुसीच्या दक्षिण तीरावर, सालारजंग संग्रहालय आहे. त्यातल्या एका लाकडी शिल्पापुढे नेहमी गर्दी असते. एकाच ओंडक्यातून दोन माणसे पाठीला पाठ लावून कोरली आहेत: पुढे ऐटीत उभा मेफिस्टोफिलिस, मागे पोथी हातात घेऊन मान झुकवलेली मार्गारेटा. लाकूड सिकमोरचे, काम एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचे, पात्रे १८०८ साली छापल्या गेलेल्या गटेच्या ‘फाउस्ट’मधली आणि मूळ दंतकथा सोळाव्या शतकातल्या जर्मनीची. तरी पाहणाऱ्याच्या मनात उभे राहते ते मध्ययुग. युरोपातले जुने कोरीव ओकचे सामान पाहतानाही हेच घडते. ज्या काळ्याभोर, नक्षीदार पेट्या आणि खुर्च्यांना आपण मध्ययुगीन म्हणतो, त्यांचे ते रूप बहुतांशी एकोणिसाव्या शतकाने घडवलेले आहे.

पुरावा मुळात लाकडातच आहे. ओक (आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा संबंध नाही, हिमालयातला बांज मात्र त्याचा सख्खा भाऊ) ताजा कापला की फिकट, मधाच्या रंगाचा असतो. वाळला की पटाशीला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवत. एका तुकड्याच्या टोकाला जीभ काढून ती दुसऱ्याच्या भोकात बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड रुंदीत आटते, लांबीत जवळपास नाही. म्हणून पुढे चौकटीच्या खाचेत फळी न चिकटवता मोकळी सोडू लागले. वर नक्षी, आणि नक्षीवर अनेकदा रंग. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १३०० च्या सुमारास करवून घेतलेली राज्याभिषेकाची खुर्ची ओकचीच. तिच्यावर सोन्याचा मुलामा होता. पक्षी, पाने आणि राजाची आकृती होती. आज ते जवळजवळ सगळे झिजून उघडे लाकूड राहिले आहे. शतकांचा धूर, मेण आणि हात यांनी ओक काळवंडतो हे खरेच. पण व्हिक्टोरियन काळात नव्या ओकलाही मुद्दाम गडद रंग देत. त्यांना मध्ययुग काळोखे हवे होते.

यावर जाणकार म्हणतील, आता झाडाच्या कड्या मोजून वय काढता येते, मग अंदाज कशाला? कड्यांवरून झाड कधी पडले ते सांगता येते, आणि तेही सालीजवळचा थर शिल्लक असेल तर नेमके. पटाशी कधी चालली ते त्यातून कळत नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या फळ्या जोडून नवी कपाटे झाली, साध्या जुन्या पेट्यांवर नंतर नक्षी चढली. तिथे लाकडाचे वय खरे आणि मध्ययुग खोटे, अशी गंमत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग ही सगळी लबाडी म्हणायची का? नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कमानी गॉथिक आहेत म्हणून त्याला कोणी तेराव्या शतकातले म्हणत नाही आणि बनावटही म्हणत नाही. त्या वास्तूने आपले वय लपवलेले नाही. आक्षेप शैलीवर नाही, विकताना लावलेल्या चिठ्ठीवर आहे. चिठ्ठी तपासायची तर दर्शनी नक्षीवर फारसे विसंबू नये, ती तर दाखवण्यासाठीच असते. पेटी भिंतीपासून ओढावी, मागची फळी आणि तळ पाहावा. हाताने तासलेल्या फळीवर हत्याराचे उंचसखल फटकारे राहतात. यंत्राच्या गोल करवतीने चिरलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा उमटतात, आणि मध्ययुगात ती करवत नव्हती. सालारजंगमध्ये पाठ पाहण्यासाठी काही ओढावे लागत नाही. शिल्पामागे आरसा ठेवला आहे, आणि मार्गारेटा त्यातच दिसते.