ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरच्या वायरिंगमधील नॉइज

मोटर बंद असताना टाकीतील पातळीचा आकडा स्थिर असतो, पण ड्राइव्ह सुरू होताच तो नाचू लागतो. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी वायरिंग तपासा. चुकीच्या आकड्यावर पीएलसीने पंप चालू ठेवला, तर टाकी ओसंडू शकते.

नॉइज कुठून येतो?

415 व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यापासून ड्राइव्हमध्ये सुमारे 415 × 1.414 = 587 व्होल्टचे डीसी व्होल्टेज तयार होते. आयजीबीटी ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. समजा, हा बदल 0.1 मायक्रोसेकंदात होतो आणि मोटरची केबल व शेजारची सिग्नल केबल यांच्यातील धारिता 100 पिकोफॅरड आहे.

प्रवाह = धारिता × व्होल्टेज बदलाचा वेग
= 100 × 10⁻¹² × (587 ÷ 10⁻⁷) ≈ 0.59 अँपिअर

हा प्रवाह क्षणिक असतो. तरीही 4 ते 20 मिलिअँपिअरच्या सिग्नलपुढे तो किती मोठा आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

उपाय

1. मोटरची व सिग्नलची केबल वेगवेगळ्या ट्रेमधून न्या. अंतर वाढले की धारिता घटते. ओलांडणे भागच असेल, तर 90 अंशांत ओलांडा.

2. मोटरसाठी शील्ड असलेली केबल वापरा. शील्ड दोन्ही टोकांना गोल क्लॅम्पने संपूर्ण परिघावर जोडा. शील्ड पिळून तिची शेपटी करू नका. 10 सेंटिमीटर शेपटीची प्रवर्तकता साधारण 0.1 मायक्रोहेन्री धरली, तर 10 मेगाहर्ट्झला तिचा विरोध सुमारे 6.3 ओहम होतो आणि शील्डचा उपयोग घटतो.

3. सिग्नलसाठी पीळ दिलेल्या जोडीची, शील्ड असलेली केबल घ्या. 4 ते 20 मिलिअँपिअरसारख्या संथ सिग्नलचे शील्ड सहसा एकाच टोकाला अर्थ करतात, म्हणजे अर्थ लूप तयार होत नाही.

4. एवढे करूनही नॉइज उरला, तर ड्राइव्हच्या आउटपुटला चोक बसवा. तिथे साधे कपॅसिटर कधीही लावू नका. आयजीबीटी जळू शकतात.

सुरक्षितता

नॉइज कमी होतो म्हणून मोटरचे अर्थिंग कधीही काढू नका. इन्सुलेशन फुटले तर मोटरची बॉडी जिवंत होईल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल. पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हचे कपॅसिटर भारित असतात. पाटीवर दिलेला वेळ थांबा, मीटरने डीसी व्होल्टेज तपासा, मगच झाकण उघडा.

स्वाध्याय: व्होल्टेज बदलायला 0.1 ऐवजी 0.5 मायक्रोसेकंद लागले, तर वरील प्रवाह किती होईल?
उत्तर: सुमारे 0.12 अँपिअर.