रोजचं विज्ञान : गव्हाला एरंडेल कशाला?

वडोदऱ्यात उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना त्यांना एरंडेल चोळतात. तिथल्या मराठी घरांतही. का?

सोंडा या धान्यातल्या किड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. त्यामुळे नीट निवडलेला गहूही पुढे पोखरलेला निघतो. सोंड्याला नाक नसतं, अंगावरच्या बारीक छिद्रांतून तो श्वास घेतो. तेलाचा पातळ थर ती छिद्रं बुजवतो.

पेरायच्या बियाण्याला मात्र आधी ऊन हवं. दाणा जिवंत असतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत असतो. ओल वाढली की धग वाढते आणि आतलं अन्न संपतं. दाण्यातली ओल एक टक्क्याने घटली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा बियाणे-शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा. (ठरावीक मर्यादेतच हं; भाजून काढू नका!)

भाताचं बी निवडायची युक्ती तर मला सर्वांत आवडते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओततात. खारं पाणी जड, म्हणून साध्या पाण्यात बुडणारा अर्धपोचट दाणाही वर येतो. तो काढून टाकायचा. तळाचं बी लगेच दोन-तीनदा धुऊन, सावलीत सुकवून पेरायचं.