मेंदूतल्या एका गाठीची चाळीस वर्षं

पूर्णा तालुक्यातलं चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं गाव. जिल्हा परभणी असला तरी मोठ्या दवाखान्यासाठी जवळ पडतं ते नांदेडच. या पट्ट्यात एखाद्या धडधाकट तरुणाला पहिल्यांदा फिट येते, एक हात थरथरतो, तोंड वाकडं होतं, शुद्ध जाते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं. नांदेडला नेल्यावर डोक्याचा सीटी स्कॅन होतो आणि पुष्कळदा अहवालात एकच ओळ येते: मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक लहान गाठ, कड्यासारखी उजळणारी, भोवती सूज. चाळीस वर्षांपूर्वी या ओळीचा अर्थ बहुतेक डॉक्टर ‘टीबी’ असा लावत. आज याच ओळीवर आधी दुसरा संशय घेतला जातो. एकाच चित्राचा अर्थ असा का फिरला, याचा मागोवा घेण्यासारखा आहे, कारण त्या फिरण्यावर हजारो माणसांचं औषधपाणी अवलंबून होतं.

या गोष्टीची सुरुवात सीटी स्कॅनच्या कितीतरी आधीची. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी अनेकांना काही वर्षांनी फिट येऊ लागत. १९३०च्या दशकात लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी अशा सैनिकांच्या मांड्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा काहींच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले. पट्टकृमीच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या चपट्या जंताच्या, मेलेल्या पिलांवर चुना साचून ते झाले होते. जे स्नायूंत होतं तेच मेंदूतही असणार, असा तो धागा. पुढे १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अहवाल छापला. पण जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचं साधन अजून कुणाच्याच हातात नव्हतं.

ते साधन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेलं सीटी यंत्र मेंदूचे एकावर एक काप दाखवत होतं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना या कामासाठी नोबेल मिळालं. शिरेतून रंगद्रव्य दिलं की निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत. जिथे दाह आहे तिथे मात्र ते झिरपतं आणि ती जागा कड्यासारखी किंवा चकतीसारखी उजळते. म्हणजे कडं दिसतं ते दाहाचं. दाह कशाचा, हे ते कडं सांगत नाही. पुढचा सगळा गोंधळ इथूनच निघाला.

ऐंशीच्या दशकात भारतातल्या शहरांत सीटी यंत्रं आली आणि फिट आलेल्या रुग्णांत अशी कडी वारंवार दिसू लागली. टीबी घरोघरी माहीत असलेल्या देशात या गाठी टीबीच्याच धरल्या जाणं साहजिक होतं. रुग्णाला टीबीचा लांबलचक कोर्स सुरू व्हायचा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की गाठ विरलेली असे. डॉक्टर समाधानी, घरचे समाधानी, आणि टीबीचं निदान आणखी पक्कं. औषध दिलं आणि गाठ गेली, म्हणून औषधानेच गेली, या तर्कात चूक आहे हे दिसायला औषध न घेतलेला रुग्ण हवा होता.

असे रुग्ण दिल्लीत सापडले. १९८५ मध्ये तिथल्या डॉ. पी. के. सेठी आणि सहकाऱ्यांनी स्कॅनवर दिसणाऱ्या आणि मग नाहीशा होणाऱ्या खुणांविषयी लिहिलं. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या एका भागापासून सुरू होणाऱ्या फिट आणि स्कॅनवरची ही कडी-चकत्या यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या महाराष्ट्रातल्या रुग्णांवरून हा प्रश्न जगापुढे मांडणारं ते काम होतं. तरी गाठ नेमकी कशाची, हे ती प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय ठरणार नव्हतं. ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेकांत टीबीचे जंतू नव्हते, पट्टकृमीच्या पिलाचे अवशेष होते. १९९१ मध्ये हे छापून आलं. १९९३ मध्ये त्यांनी रोजच्या वापराचे निकष दिले: गाठ एकच, दोन सेंटिमीटरहून लहान, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही, डोक्यात दाब वाढल्याच्या खुणा नाहीत आणि हातापायाची कमजोरी वाढत नाही, तर ती बहुधा कृमीची. मोठी, वेडीवाकडी, दाब वाढवणारी गाठ असेल तर टीबीचा विचार आधी.

यातून गाठ आपोआप का विरते तेही उमगलं. जिवंत पिलू मेंदूत पाण्याच्या फुगीसारखं गुपचूप राहू शकतं. ते मरू लागतं तेव्हा शरीर त्याच्यावर तुटून पडतं, दाह होतो, फिट येते आणि स्कॅनवर कडं उमटतं. कडं दिसतं तेव्हा शरीराने बहुतेक लढाई जिंकत आणलेली असते. पुढे गाठ विरते किंवा चुन्याचा कण मागे राहतो.

एमआरआय आल्यावर या फुगीतलं पिलाचं डोकं ठिपक्यासारखं दिसू लागलं, आणि तो ठिपका दिसला की संशयाला जागा उरत नाही. चुन्याचा कण मात्र आजही सीटीतच चांगला दिसतो. इक्वेडोरचे डॉ. ऑस्कर डेल ब्रुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदानाचे निकष मांडले आणि २०१७ मध्ये ते सुधारून दिले. त्यांत चित्राच्या जोडीला रुग्णाची हकीकत आणि तो राहतो तो भाग यांनाही वजन आहे. उलटी चूकही तितकीच घातक: प्रत्येक कडं कृमीचं मानलं तर खरा टीबी, पू झालेली गाठ किंवा उतारवयात दुसरीकडून पसरलेला कॅन्सर निसटतो.

मराठवाड्यातला बदलही नोंदवायला हवा. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात नांदेड जिल्हा होता. आज तीच योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०२३ मध्ये परभणीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. यंत्र जवळ आलं, पण त्यासोबत समज तितक्याच वेगाने आली नाही.

अजूनही पत्तागोबीतला किडा मेंदूत चढतो असं सर्रास सांगितलं जातं. गोबीत तो किडा नसतो. आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत, पाण्यात, न धुतलेल्या भाजीवर आणि हातांवर येतात. ती पोटात गेली की पिलं मेंदूपर्यंत पोहोचतात. म्हणून कधीही मांस न खाणाऱ्या घरातही हा आजार होतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरा बंदोबस्त वापरातला संडास आणि साबणाने धुतलेले हात हाच. शाळेत जंतनाशक दिनी मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने मेंदूतली गाठ बरी होत नाही. आणि हेच औषध मेंदूत पुष्कळ फुग्या असताना, किंवा डोळ्यात पिलू असताना, तपासणीशिवाय घेतलं तर सूज वाढून जीव किंवा नजर जाऊ शकते. टीबीचं चुकीचं निदानही निरुपद्रवी नसतं: महिनोन्‌महिने गोळ्या, यकृतावर ताण, आणि रिफाम्पिसिनमुळे फिटच्या काही औषधांचा रक्तातला जोर उतरतो.

या चार दशकांचं सार माझ्या मते एकच आहे. पहिला स्कॅन प्रश्न विचारतो, उत्तर बहुधा दुसरा देतो. दिल्ली आणि पुण्यातल्या डॉक्टरांनी मांडलेली आणि वेल्लोरने सोडवलेली ही अडचण महागड्या यंत्राने सुटली नाही. थांबून पुन्हा पाहण्याने आणि गाठ प्रत्यक्ष तपासण्याने सुटली. म्हणून चुडाव्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. स्कॅनची फिल्म आणि अहवाल फेकू नयेत, प्रत्येक भेटीला सोबत न्यावेत. टीबीचा कोर्स सुरू होण्याआधी ‘ही गाठ कृमीची असू शकते का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. आणि फिट थांबल्या म्हणून पुढचा स्कॅन टाळू नये, कारण फिटच्या गोळ्या कधी थांबवायच्या याचा निर्णय गाठ विरली की चुन्याचा कण उरला यावरच व्हायचा असतो. सरकारनेही हा दुसरा स्कॅन पहिल्याइतकाच हक्काचा मानला पाहिजे.